रस्त्याच्या टोकाला काय दिसावं: ठाणे-नवी मुंबईत टर्मिनेटिंग विस्टा आखताना

प्रश्न असा आहे: नवा लेआउट आखताना किंवा जुना रस्ता सुधारताना टर्मिनेटिंग विस्टा, म्हणजे रस्त्याच्या टोकाशी नजर थांबवणारी इमारत, झाड, डोंगर किंवा पाणी, नेमका कसा वापरायचा? किती लांबीच्या रस्त्याला किती उंचीचं टोक लागतं? आणि ठाणे-नवी मुंबईसारख्या टॉवर, पूल आणि होर्डिंगांच्या गर्दीत हे जमतं का?

जमतं, आणि त्याला वेगळा असा मोठा खर्चही लागत नाही. मात्र सुरुवात इमारतीच्या एलिव्हेशनपासून, म्हणजे दर्शनी बाजूच्या चित्रापासून, केली तर हमखास फसतं. दोन गोष्टी आधी लागतात. टोकाचा प्लॉट कोणाला द्यायचा हे रस्ते आखतानाच ठरलेलं हवं, आणि बघणारा व टोक यांच्यामधली शंभर-दोनशे मीटरची हवा पुढची वीस-तीस वर्षं कोणीतरी राखायला हवी. फसलेले विस्टे नीट पाहिले तर बहुतेक ठिकाणी टोकाची इमारत चांगलीच असते. मध्ये पादचारी पूल आलेला असतो, नाहीतर होर्डिंग, झाडाचा घेर किंवा ट्रान्सफॉर्मर.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गावातली वाट मारुतीच्या देवळापाशी किंवा पारापाशी येऊन थांबते. वाड्याकडे जाणारा बोळ दिंडी दरवाज्यावर संपतो, देवळासमोरची दीपमाळ लांबून दिसते. रायगडावर सिंहासनाची जागा आणि नगारखान्याचा दरवाजा समोरासमोर, एका रेषेत आहेत. मुंबईत वीर नरिमन रस्ता फ्लोरा फाउंटनवरून पूर्वेला जातो आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेपलीकडे १८३३ सालचा टाउन हॉल येतो. सीएसएमटीसमोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात महापालिकेची १८९३ ची इमारत उभी आहे. तिचा मनोरा बरोबर त्या कोनात ठेवल्यामुळे ती दोन्ही रस्त्यांची खूण होते. टाउन हॉल हे सरळ टोक, महापालिकेची इमारत हे बेचक्यातलं टोक. तिसरा प्रकार वळणावरचा: रस्ता हलकासा वळतो, बाहेरच्या बाजूची इमारत समोर येते, जवळ गेलं की बाजूला सरकते. चौथा उघडा: टोकाला इमारत नसून डोंगर, खाडी, तलाव किंवा नुसतं आकाश.

आपल्या भागात हा चौथा प्रकार सगळ्यात मोलाचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी आणि पलीकडे पारसिकची रांग. नवी मुंबईत पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिक. खारघरला डोंगर अगदी सेक्टरच्या पाठीशी. शिवाय भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ठेवलेले धारण तलाव आहेत. नेरुळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ अशाच तलावाच्या काठावर आहे. म्हणजे निम्म्या रस्त्यांची टोकं निसर्गाने आधीच देऊन ठेवली आहेत. म्हणून लेआउट हातात घेतला की पहिलं काम असं: कागदावर डोंगराची शिखरं, खिंडी आणि पाण्याचे काठ काढा आणि प्रत्येक मुख्य रस्त्याची मध्यरेषा तिथपर्यंत पुढे वाढवून बघा. कित्येकदा रस्ता पाच-सात अंशांनी फिरवला तर रेषा शिखरावर बसते आणि प्लॉटचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. हे प्लॉट पाडण्याआधी केलं तर फुकट, नंतर अशक्य.

आता मापं. आधार आहे इमारतीची उंची आणि अंतर यांच्या प्रमाणाचा. इमारतीच्या उंचीइतक्या अंतरावर उभं राहिलं तर माथा ४५ अंशांवर असतो. नक्षी, खिडकीची चौकट दिसते, पण अख्खी इमारत एका नजरेत मावत नाही. दुप्पट अंतरावर २७ अंश, इथे इमारत पूर्ण दिसते. तिप्पट अंतरावर १८ अंश, इथे ती आजूबाजूच्या इमारतींसह दिसते. चौपट अंतरावर १४ अंश, त्यापुढे ती हळूहळू मागच्या पडद्यात मिसळायला लागते. रस्त्याचं मात्र एक वेगळेपण आहे: दोन्ही बाजूच्या भिंती नजर धरून ठेवतात, त्यामुळे टोक याहून लांबूनही काम करतं. व्यवहारात उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, म्हणजे माथा सुमारे ६ अंशांवर असेपर्यंत, टोक ठसठशीत राहतं. वीसपटीला ते ३ अंशांवर येतं आणि नुसता ठिपका उरतो. तळमजला अधिक चार मजल्यांची १५ मीटरची इमारत १५० मीटरच्या रस्त्याला पुरते. रस्ता ३०० मीटरचा असेल तर ३० मीटरचा मनोरा, घंटाघर, निदान पाण्याची नीट घडवलेली टाकी तरी हवी. पाण्याच्या टाकीला मी मुद्दाम हलकं लेखत नाही. प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराला, ती लागतेच आणि ती उंच असतेच. मग कोपऱ्यात लपवण्यापेक्षा अक्षावर, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेच्या ओळीत, आणून तिचे खांब नीट घडवावेत.

रस्ता याहून लांब असेल तर टोक मोठं करत बसू नका, रस्ता तोडा. वळण द्या, चौक द्या, हलकासा कोन द्या. पाम बीच रस्ता यासाठी बघण्यासारखा आहे. वळणं असल्यामुळे बेलापूरच्या टोकाचं नवी मुंबई महापालिकेचं घुमटाचं मुख्यालय सबंध रस्ताभर डोळ्यांसमोर लटकत नाही; किल्ले गावठाणाच्या चौकाजवळ आल्यावर ते समोर येतं, आणि उंच ध्वजस्तंभामुळे त्याची जागा आधीच कळते.

तपशिलाचंही माप आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतकी (अंशाच्या साठाव्या भागाइतकी) बारीक गोष्ट वेगळी दिसते, म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ सेंटीमीटर. ३०० मीटरवरून ९ सेंटीमीटरपेक्षा बारीक काहीच दिसत नाही, आणि उमटून दिसायचं तर त्याच्या तीन-चार पट हवं. म्हणून लांबच्या नजरेसाठी ३० सेंटीमीटरच्या वरचे उठाव, खोल सावली देणारा सज्जा आणि माथ्याची बाह्यरेषा. मधल्या अंतरासाठी खिडक्यांची लय. शेवटच्या २० मीटरसाठी दार, दगड, अक्षरं, बसायचा कट्टा. चालणाऱ्याला २०० मीटरला पावणेतीन मिनिटं लागतात, ताशी ४० किलोमीटरच्या गाडीला १८ सेकंद. गाडीवाल्याला बाह्यरेषाच मिळते. बाकी सगळं चालणाऱ्यासाठी असतं, आणि तो तीन मिनिटं एकच चित्र बघत राहिला तर त्याला कंटाळा येणारच.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे दिसणारी फट. समजा रस्ता २० मीटरचा, दोन्ही बाजूला ४.५ मीटर मार्जिन, म्हणजे इमारतींच्या तोंडातलं अंतर २९ मीटर. टोकाला १२ मीटरचा आडवा रस्ता आणि त्यापलीकडे ६ मीटर सेटबॅक, म्हणजे इमारत रस्त्याच्या टोकापासून १८ मीटर आत. टोकापासून २०० मीटर अलीकडे मधोमध उभं राहिलं तर दिसणारी रुंदी २९ गुणिले २१८ भागिले २००, म्हणजे जेमतेम ३२ मीटर. जमिनीलगत कंपाउंडच्या भिंती अडवतात, त्यामुळे खाली फक्त २२ मीटर. प्लॉटचा फ्रंटेज ६० मीटरचा असला तरी निम्मी इमारत लांबून कोणाला दिसणारच नाही. म्हणून प्रवेश, मनोरा, सर्वात खोल सावली, जे काही महत्त्वाचं असेल ते या ३२ मीटरच्या आत आणि मध्यरेषेवर हवं. आर्किटेक्ट इमारत प्लॉटच्या मधोमध बसवतो आणि रस्त्याची मध्यरेषा प्लॉटच्या मध्यापासून आठ-दहा मीटर बाजूला असते. मग समोर दिसतो तो जिन्याचा डक्ट आणि ड्रेनेजचे पाइप. लेआउटवाल्याने प्लॉटच्या नकाशावर रस्त्याची मध्यरेषा ठळक काढून द्यायची, म्हणजे हा घोळ मुळातच होत नाही.

नंतर मागचा पडदा. २०० मीटरवरून १.६ मीटर उंचीच्या डोळ्याने २० मीटरच्या इमारतीचा माथा बघितला तर रेषा दर मीटरला ९.२ सेंटीमीटर चढते. इमारतीच्या मागे १५० मीटरवर ही रेषा ३३.८ मीटरवर पोचते. म्हणजे मागच्या प्लॉटवर दहा-अकरा मजल्यांपर्यंत बांधकाम लपून राहतं. चोवीस मजल्यांचा टॉवर आला तर त्याचे चौदा मजले छोट्या इमारतीच्या डोक्यावर बसतात आणि तिची बाह्यरेषा संपते. लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटासाठी समोरच्या आणि मागच्या दोन्ही उंचींवर बंधनं आहेत ती याचसाठी. आपल्याकडे मागच्या प्लॉटची उंची बांधणं अवघड आहे, एफएसआय (प्लॉटवर मिळणारं चटईक्षेत्र) आणि टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) आड येतात. त्यातल्या त्यात चालणारा उपाय असा: टॉवर उंच राहू दे, पण तो विस्ट्याच्या फटीतून बाहेर सरकव. हे बऱ्याच प्लॉटवर शक्य असतं, कारण टॉवरला आडवं थोडं हलवलं म्हणून चटईक्षेत्र जात नाही. दुसरा उपाय टोकाच्या इमारतीचा रंग. मागे पांढरट टॉवर असतील तर पुढची इमारत काळ्या दगडाची किंवा गडद विटेची, म्हणजे ती उठून दिसते.

उंचसखलपणाची चूक सगळ्यात महाग पडते. दिल्लीत रायसीना टेकडीवर चढणाऱ्या रस्त्याचा उतार असा बसला की खालच्या विजय चौकाजवळून व्हाइसरॉयच्या घराचा, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचा, खालचा बराच भाग दिसेनासा होतो. त्यावरून लुटियन्स आणि बेकर या दोन आर्किटेक्टांमध्ये कायमचं बिनसलं. एवढ्या मोठ्या कामात जे झालं ते एखाद्या नाल्यावरच्या कल्व्हर्टच्या (मोरीच्या) उंचवट्यामुळे आपल्या सेक्टर रोडवरही होतं. म्हणून नुसत्या प्लॅनवर काम करायचं नाही. मध्यरेषेचा उभा छेद काढा, डोळ्याची उंची चालणाऱ्याला १.६ आणि गाडीवाल्याला १.२ मीटर धरा, आणि दर २५ मीटरवरून टोकाच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढून बघा. रस्ता टोकाकडे किंचित उतरत असेल तर पायथा छान दिसतो, पण मग सगळं पावसाचं पाणीही तिकडेच धावतं. जुलैत अशा टी-जंक्शनवर तळं साचतं आणि टोकाच्या प्लॉटच्या गेटातून आत शिरतं. आडव्या रस्त्याच्या अलीकडच्या कडेला सलग जाळीचं गटार आणि प्लिंथ (जोतं) किमान ४५ ते ६० सेंटीमीटर वर, हे दोन्ही लागतंच.

पादचारी पुलाचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. पुलाखाली वाहनांसाठी ५.५ मीटर उंची सोडतात. वर गर्डर, रेलिंग आणि रेलिंगवरची जाहिरात धरली तर ८.५ मीटरपर्यंत सगळं बंद. टोक २०० मीटरवर आणि पूल १०० मीटरवर असेल तर टोकाच्या इमारतीचा ९.४ पासून १५.४ मीटरपर्यंतचा पट्टा झाकला जातो, म्हणजे बरोबर दोन मजले, आणि तेही मधले. पूल नकोच असं म्हणता येत नाही, रस्ता ओलांडायला तो कुठे कुठे लागतोच. मग तो रस्त्याच्या सुरुवातीला, जिथून बघायला सुरुवात होते त्याच्याही अलीकडे घ्यावा. तिथे तो उलट चौकटीचं काम करतो. मेट्रोच्या व्हायाडक्टला, म्हणजे खांबांवरून जाणाऱ्या मार्गाला, हा पर्याय नसतो. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये रस्त्याच्या मधोमध व्हायाडक्ट आला की त्या रस्त्याचा सरळ विस्टा गेला असं धरून चालावं, आणि सगळी मेहनत त्याला काटकोनात येऊन मिळणाऱ्या आतल्या रस्त्यांवर करावी. तिथे अजून बरंच वाचवता येतं. येऊरकडे किंवा खारघरच्या डोंगराकडे जाणारे हे आडवे रस्ते लांबीने कमी आहेत, गाड्या कमी आहेत आणि चालणारी माणसं जास्त.

झाडांच्या बाबतीत मात्र घाई नको. विस्ट्यासाठी झाडं तोडावीत असं कोणी सुचवलं तर ते चुकीचं आहे, आणि १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय छाटणीही करता येत नाही. पॅरिसमध्ये ऑपेराकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाडंच लावली नाहीत, ऑपेरा दिसावा म्हणून. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो मार्ग घेऊ नये. आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांवर रेन ट्रीचे घेर दोन्ही बाजूंनी येऊन मिळतात आणि बोगदा होतो. समजा घेराची खालची कड ६ मीटरवर आहे आणि शेवटचं झाड टोकाच्या इमारतीपासून ३० मीटर अलीकडे. २०० मीटरवरून मग इमारतीचे फक्त ६.८ मीटर दिसतात, म्हणजे दोन मजले. अशा रस्त्याच्या टोकाला मनोरा बांधणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे खालच्या दोन मजल्यांवर खर्च करा: उजळ भिंत, मोठं दार, संध्याकाळी आतून येणारा दिवा. हिरव्या बोगद्याच्या शेवटी उजेडाचा चौकोन दिसणं हा फार सुंदर विस्टा आहे, आणि उन्हातून चालणाऱ्याला तोच हवा असतो. माथा दाखवायचाच असेल तर नवीन लावणीत शेवटच्या ६० मीटरमध्ये मोठ्या घेराची झाडं टाळून बकुळ, बहावा, ताम्हण अशी आटोपशीर झाडं घ्या. दुभाजकात मध्यरेषेवर काहीही उंच लावू नका, विजेचा हायमास्टही नको.

उजेडाची दिशा इथे ठरलेली आहे, ती पाठच असावी. नवी मुंबईत डोंगराकडे, म्हणजे पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यांचं टोक दुपारनंतर उजळतं. ऑफिसातून परतणाऱ्याला डोंगर सोनेरी दिसतो. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळी सूर्य डोळ्यांत येतो, टोकाची वस्तू काळी दिसते. तिथे नक्षी निरुपयोगी, बाह्यरेषा महत्त्वाची. ठाण्यात येऊरच्या बाबतीत हेच उलटं: डोंगर सकाळी उजळतो, संध्याकाळी काळा कडा होतो. रस्त्याच्या दक्षिण टोकाच्या इमारतीचं तोंड उत्तरेला असतं, आणि आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेकडे फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत जातो, तेव्हा निम्मा काळ ढगच असतात. असं तोंड जवळपास वर्षभर सावलीत राहतं. तिथे उठावाची नक्षी बसवून उपयोग नाही. हलका रंग, मोठी उघडी जागा आणि रात्रीचा दिवा चालतो. रस्त्याच्या पूर्व टोकाला काचेचं तोंड तर कधीच देऊ नये. मावळतीचा सूर्य त्यावर आपटून समोरच्या गाड्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि रात्री हेडलाइट. प्लास्टर-रंगाची इमारत चार पावसाळ्यांत शेवाळाने काळी पडते, आणि जी इमारत दिवसभर हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर आहे तिच्यावर तो काळेपणा फार बोचतो. सज्ज्यांना ड्रिप मोल्ड (पाणी भिंतीवर न ओघळता टपकावं म्हणून खालच्या कडेला खाच), पाइप मागच्या बाजूला, आणि निदान तळाचे दोन मजले दगडी.

आता टी-जंक्शन जमिनीवर कसं दिसतं ते बघा. कोणत्याही सेक्टरमधला आतला रस्ता घ्या. टोकाला सोसायटीची दोन मीटरची कंपाउंड भिंत, तिच्यावर काचा किंवा तारा, मध्यरेषेवर महावितरणचा डीपी (वीजवाटपाची पेटी), शेजारी ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे, वॉचमनची पत्र्याची केबिन, आणि भिंतीवर वाढदिवसाचा फ्लेक्स. शंभर मीटर चालत येणारा प्रत्येक माणूस, शाळेतून येणारी मुलं, भाजी घेऊन येणारी आजी, रोज हेच बघत येतात. इथे मोठं डिझाइन लागतच नाही. डीपी आणि डबे मध्यरेषेवरून दहा मीटर बाजूला, गेट बाजूच्या रस्त्यावर, भिंतीचा मधला सहा मीटरचा तुकडा मागे घेऊन त्यात एक झाड, त्याभोवती पार आणि एक दिवा. टेबलावर हा फक्त काही चौरस मीटरचा प्रश्न असतो, आणि तो डीपीची जागा ठरते त्या दिवशीच सोडवावा लागतो. नंतर केबल हलवायचा खर्च कोणी करत नाही.

टोकाचा प्लॉट विकायला गेलं की मार्गवेधाचा मुद्दा निघतोच: रस्ता अंगावर येतो, घराला वेध लागतो, म्हणून गिऱ्हाईक नाही म्हणतं. यात व्यवहाराचा भागही आहे. हेडलाइट थेट बेडरूममध्ये येतात, हॉर्न समोरून येतो, ब्रेक न लागलेली गाडी सरळ भिंतीत शिरते. म्हणून तो प्लॉट घरांना देऊच नये. वाचनालय, नाट्यगृह, पोस्ट, वॉर्ड ऑफिस, व्यायामशाळा, छोटी बाग, देऊळ, हे तिथे शोभतात आणि कोणाची तक्रारही येत नाही. शाळा आणि मंगल कार्यालय टाळावं. बस आणि वरातीच्या गाड्या नेमक्या जंक्शनवर थांबतात. हॉस्पिटलही नको. प्रवेशाचे दोन भाग करायचे: अक्षावर फक्त पायी जाण्याचं दार, गाड्यांचं गेट बाजूला, जंक्शनपासून जमेल तितकं लांब. दारासमोर १.२ मीटर अंतराने भक्कम बोलार्ड (गाडी अडवणारे बुटके खांब), म्हणजे व्हीलचेअर जाते, चुकलेली गाडी अडते. टी-जंक्शनला सुरक्षेचा फायदाही आहे: चौफुलीवर वाहनांच्या मार्गांचे ३२ संघर्षबिंदू असतात, टीवर ९.

मात्र सगळेच रस्ते बंद करायचे नाहीत. प्रत्येक टोक म्हणजे कोणाची तरी सरळ वाट अडणं. बस ज्या रस्त्याने जाते तो पुढे गेलाच पाहिजे. आतल्या रस्त्यावर नजर अडवा, पाऊल अडवू नका. इमारतीच्या तळमजल्यातून दोन मजली उंचीची कमान किंवा बोळ ठेवला तर चालणारा आरपार जातो, आणि जुन्या वाड्यांच्या दिंडीसारखी त्यातून पुढची बाग डोकावते. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात-सात घरं बसवली. तिथे वाटा लहान, टोकं जवळ आणि वाट कुठे तरी पुढे सुटतेच. मोठ्या अक्षांपेक्षा माणसाला हे जास्त मानवतं.

पाण्याच्या टोकाला एक छोटी चूक सगळं घालवते: भरीव कठडा. १.२ मीटरची भरीव भिंत, बघणारा तिच्यापासून २० मीटरवर, पाणी रस्त्यापेक्षा १ मीटर खाली. डोळा १.६ मीटरवर धरला तर भिंतीवरून जाणारी नजर १३० मीटरवर पाण्याला टेकते. त्याच्या अलीकडचं सगळं पाणी लपलं, आणि ठाण्यातल्या बऱ्याच लहान तलावांना तेवढी रुंदीच नाही. गाडीवाल्याचा डोळा १.२ मीटरवर, त्याला पाण्याचा थेंबही दिसत नाही. म्हणून कठडा उभ्या सळ्यांचा, खालचा कट्टा ४५ सेंटीमीटरच्या आत, आणि रस्त्याच्या रुंदीइतका काठ स्टॉल, तिकीट खिडकी, शोभेची कमान यांपासून मोकळा. तलावपाळी किंवा उपवनसारख्या ठिकाणी येणाऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी एवढा एक नियम पाळला तरी तलावांच्या शहरात तलाव दिसायला लागतील.

नवी मुंबईतली स्टेशनं ही वेगळी संधी आहे. वाशी, बेलापूरसारख्या ठिकाणी रुळांवर मोठी इमारत आहे आणि स्टेशन नोडच्या मध्यात आहे. समोरून येणारा रस्ता सरळ स्टेशनवर संपवता येतो, आणि अनोळखी माणसाला कोणालाही विचारावं लागत नाही. गोंधळ होतो तो समोरच्या तीस-चाळीस मीटरमध्ये. रिक्षा स्टँड आणि एनएमएमटीचे थांबे अक्षाच्या दोन्ही बाजूंना लावावेत, मधला निदान दहा-बारा मीटरचा पट्टा पायी चालणाऱ्यांचा, सपाट आणि छप्पराशिवाय.

कायद्याने हे बांधायचं कसं? सिडकोकडे सोपा मार्ग आहे. जमीन तिचीच, प्लॉट लीजवर जातात, त्यामुळे निविदेतच अट घालता येते: अमुक रेषेवर प्रवेश, अमुक उंचीचा भाग, अमुक ठिकाणी गेट नाही. अट शब्दांत न ठेवता नकाशावर काढून जोडावी. ‘आकर्षक दर्शनी भाग’ असं लिहिलेली अट कोणीही पाळू शकतं आणि कोणीही मोडू शकतं. ठाण्यात टोकाच्या प्लॉटवर विकास आराखड्यात सार्वजनिक आरक्षण हा सर्वात भक्कम आधार, आणि नंतर सुचलं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल. मोठ्या खाजगी लेआउटमध्ये मंजुरीच्या अटींत फटीची रेषा टाकता येते. होर्डिंगसाठी महापालिकेची परवानगी लागतेच. रस्तावार यादी करून विस्ट्याच्या फटीत येणाऱ्या जागा त्या यादीतून काढून टाकायच्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, परवाना खात्याच्या टेबलावर एक नकाशा लागतो.

शेवटी जागेवरची तपासणी. फोटो काढताना मोबाइलचा साधा कॅमेरा फसवतो. त्याची लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते, त्यामुळे टोक डोळ्याला दिसतं त्याच्या जवळपास निम्मंच दिसतं आणि ‘इथे काही होणार नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोनपट झूमवर घ्या, ५० मिलिमीटरच्या जवळ येतं. मध्यरेषेवर दुपारी उभं राहता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी सहाला जा. दर ५० मीटरवर एक फोटो डाव्या फुटपाथवरून, एक उजव्या, एक मधून. टोकाच्या प्लॉटवर ठरलेल्या उंचीचा रंगीत फुगा दोरीला बांधून सोडा; १५-२० मीटरला बांबूची परांचीही चालते. वारा सुटायच्या आत काम आटपा, खाडीच्या बाजूला नऊनंतर फुगा सरळ राहत नाही. फुगा कुठून दिसतो, कुठे झाडात जातो, कुठे केबलमागे, हे नकाशावर लिहून ठेवा. एकदा असं मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर, पालवी पूर्ण असताना, कारण बहावा आणि रेन ट्री या दोन महिन्यांत वेगळी झाडं असतात.